मेलमधला ‘रन’ : कुठे डायल लावायचा, कुठे माल पाठवायचा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर मेकॅनिकल डिप्लोमा. बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलोय. कास्टिंग शेजारच्या फाउंड्रीतून येतं, मशीनिंग आमच्याकडे होतं. ग्राहकाचे मेल सगळे इंग्रजीत. परवा ‘रन-आउट ऑब्झर्व्हड ०.०८ अगेन्स्ट ०.०५’ असा मेल आला. मला वाटलं माल संपलाय का विचारतायत, म्हणून ‘२०० नग तयार आहेत’ असं कळवून टाकलं. त्यावर ‘प्लीज रन इट बाय युवर सुपरवायझर’ असं उत्तर आलं, तर मी सुपरवायझरसाहेबांना म्हणालो, हा जॉब तुम्हीच मशीनवर चालवा म्हणतायत. सगळे हसले. आता ‘रन-अ‍ॅट-रेट’ मागितलंय, शिवाय ‘वी आर रनिंग आउट ऑफ स्टॉक’ म्हणून घाई चाललीय. शब्दकोश उघडला तर ‘रन’चे इतके अर्थ की डोकंच चालत नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

उत्तर : क्लासचं नंतर बघू. आधी ते ०.०८ निस्तरा, आणि त्याच्याही आधी तुम्ही तयार म्हणून कळवलेले २०० नग बाजूला काढून त्यांवर ‘होल्ड’चं लेबल लावा. एकाच सेटिंगवर झालेले असतील तर तोच दोष त्यांतही असणार, आणि ते गाडीत चढले तर हसण्यावारी जाणार नाही.

मशीनिंगमधला रन-आउट म्हणजे नग आपल्या अक्षाभोवती फिरवल्यावर त्याचा पृष्ठभाग किती डुलतो त्याचं माप. आपल्याकडे सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, ‘जॉब आउट फिरतोय’ म्हणतात ना, तेच. ड्रॉइंगवर चौकटीत तिरपा बाण दिसेल. एक बाण असेल तर सर्क्युलर रन-आउट : डायल (काट्याचं मापक) एका जागी ठेवून त्या एका वर्तुळापुरतं बघायचं. दोन बाण असतील तर टोटल रन-आउट : डायल पुन्हा शून्य न करता लांबीभर सरकवत न्यायचा. बाणापुढे ०.०५ आणि त्यापुढे एखादं अक्षर, बहुधा ‘ए’. ‘ए’ नाव दिलेला व्यास कुठला ते ड्रॉइंगवर शोधा. अक्ष त्याचा धरायचा, जो पकडायला सोपा पडेल त्याचा नव्हे.

आता मोजणं. डेटम, म्हणजे ज्याच्या आधाराने माप घ्यायचं तो भाग, सेंटर होलचा असेल तर नग दोन सेंटरमध्ये धरा; बोअर, म्हणजे मधलं भोक, डेटम असेल तर मँड्रेलवर (भोकात बसणाऱ्या दांडीवर) चढवा. डायलचा प्लंजर पृष्ठभागाला काटकोनात टेकवा, काट्याचा अर्धा फेरा होईल इतका दाब द्या, शून्य करा आणि नग हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. सगळ्यांत मोठं वाचन आणि सगळ्यांत लहान वाचन यांतला फरक म्हणजे रन-आउट. हमखास चूक होते ती इथे. समजा काटा एका बाजूला +०.०५ पर्यंत गेला आणि दुसऱ्या बाजूला −०.०३ पर्यंत. नवा मुलगा रिपोर्टात ०.०५ लिहितो आणि नग पास करतो. खरं माप ०.०८. तुमच्याकडे पास आणि ग्राहकाकडे नापास झालेला माल असेल, तर पहिला संशय याच बेरजेवर घ्या.

दुसरी गोष्ट सेटरला सांगायची. रन-आउट ०.०८ आहे म्हणजे केंद्र सरकलंय ते त्याच्या निम्म्याने, ०.०४ ने. त्याने जॉब पुरा ०.०८ सरकवला तर केंद्र पलीकडे ०.०४ जाईल आणि डायल पुन्हा ०.०८ च दाखवेल. मग ‘डायल खराब आहे’ म्हणून वाद सुरू होतो. कारणं बहुतेक वेळा साधी असतात : चकच्या जॉमध्ये (नग पकडणाऱ्या जबड्यात) अडकलेली चिप, सेंटर होलच्या तोंडाशी बर (धातूची उरलेली कुसळ), सॉफ्ट जॉ नव्याने बोअर न करता तसेच वापरलेले, किंवा पातळ रिंग इतकी आवळलेली की चकमधून सोडल्यावर ती आपल्या मूळ आकारावर येते आणि घेतलेला कट वाकडा ठरतो. व्ही-ब्लॉकवर मोजत असाल तर एक सावधगिरी. नग नीट गोल नसून किंचित तिकोनी झाला असेल तर व्ही-ब्लॉक त्यातला दोष वाढवून किंवा लपवून दाखवतो. अशा वेळी सेंटरवरचं वाचन धरा.

उत्तराचा मेल असा जाऊ द्या : ‘रन-आउट रीचेक्ड बिटवीन सेंटर्स, फाइव्ह पीसेस, डायल लीस्ट काउंट ०.०१. रीडिंग्ज अटॅच्ड. प्लीज कन्फर्म युवर मेजरिंग मेथड अँड डेटम.’ पाच नगांची पाच वाचनं जोडा, नुसती सरासरी नको. तयार २०० नग तपासणीसाठी थांबवलेत हेही एका ओळीत लिहा. आधीच्या मेलबद्दल लांबलचक माफीची गरज नाही, ‘प्लीज इग्नोर माय अर्लिअर रिप्लाय’ एवढं पुरे.

तुमचा घोटाळा होणं साहजिक होतं, कारण भिंतीपलीकडच्या फाउंड्रीतही रन-आउट आहे आणि तो वेगळा. तिथे रन-आउट म्हणजे ओतलेला रस साच्यातून बाहेर निसटणं. वरची आणि खालची पेटी जिथे जुळते त्या सांध्यातून, म्हणजे पार्टिंग लाइनमधून, तो निसटतो; क्लॅम्प ढिले, वरचं वजन कमी, पेटीच्या पिना झिजलेल्या किंवा वाळू नीट ठोकलेली नाही, यांपैकी काहीतरी असतं. नग अर्धवट राहतो आणि शेजारी जमिनीवर लोखंडाची थापी पडलेली सापडते. त्याच फाउंड्रीत ‘मिसरन’ असतो, त्यात काही सांडत नाही. रस टोकापर्यंत पोचायच्या आत थिजतो, म्हणून पातळ भागाची कड धारदार यायच्या ऐवजी गोलसर, गुळगुळीत, अपुरी येते. ग्रे आयर्नचा रस साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सिअसला ओततात. लॅडल, म्हणजे रसाचं भांडं, लांबून आणताना तो निवला, ओतणारा मध्येच थांबला किंवा साच्यातली हवा निघायला वाट नसली की मिसरन येतो. दोन बाजूंनी आलेले प्रवाह भेटले पण एकजीव झाले नाहीत तर त्याला कोल्ड शट म्हणतात, तिथे रेघ दिसते. आणि ‘रनर’ हा तिथे माणूस नसतो. रस स्प्रूमधून, म्हणजे उभ्या नाळेतून, खाली उतरून ज्या आडव्या नाळेतून इनगेटकडे (नगाच्या पोकळीच्या तोंडाकडे) जातो ती नाळ म्हणजे रनर. ‘रनर नॉट प्रॉपरली फेटल्ड’ असा शेरा आला तर त्या नाळेचा उरलेला खुंट नीट तोडून घासलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

क्रिकेटमधला रन-आउट, म्हणजे धावचीत, तो तिसरा. मोबाइलवरचं भाषांतर यांतलं काहीही पुढे करू शकतं, कारण त्याला तुमचं ड्रॉइंग दिसत नाही.

मग ओळखायचं कसं? आकड्यामागचं एकक बघा. मिलिमीटर किंवा मायक्रॉन असेल, किंवा ०.०८ सारखा नुसता दशांश असेल, तर डायल काढा. जागेचं नाव असेल, ‘अ‍ॅट पार्टिंग लाइन’, ‘अ‍ॅट थिन रिब’, तर तो ओतकामाचा दोष, फोटो घेऊन फाउंड्रीकडे जा. नग, पेटी, दिवस असं काही असेल तर डिस्पॅचवाल्याला विचारा. ‘ताशी इतके’ असेल तर उत्पादनाचा वेग. कारखान्याच्या बहुतेक मेलची गाठ एवढ्यावर सुटते, शब्दकोश उघडावाही लागत नाही.

शब्दकोशाचं म्हणाल तर तिथे गांगरण्यात तुमचा दोष नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात पूर्वी ‘सेट’ हा शब्द अर्थांच्या संख्येत सगळ्यांच्या पुढे होता, पुढच्या दुरुस्तीत ‘रन’ या क्रियापदाने त्याला मागे टाकलं. त्याचे ६४५ अर्थ मोजल्याचं २०११ साली जाहीर झालं. ते पाठ करायला कुणी बसत नाही. तुम्ही शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असं शिकलात आणि आता प्रत्येक वाक्यात कुणीतरी धावतंय का ते शोधताय, अडचण तिथे आहे. तुमच्याच पत्रात ‘डोकं चालत नाही’ असं लिहिलंय. डोक्याला पाय नाहीत, तरी मराठीत ते चालतं. घड्याळ चालतं, खानावळ चालते, कोर्टात केस चालते, नाटक चालतं, मशीन चालतं. या सगळ्या ठिकाणी इंग्रजी ‘रन’ बसतो. ‘ही रन्स अ मेस इन टिळकवाडी’ : तो टिळकवाडीत मेस चालवतो. ‘द कॉन्ट्रॅक्ट रन्स टिल मार्च’ : करार मार्चपर्यंत चालू आहे. ‘द मशीन रन्स ऑन ४१५ व्होल्ट’ : मशीन ४१५ व्होल्टवर चालतं. तुमच्या लाइनवर बैलहोंगल-गोकाककडचे कन्नड बोलणारे मित्र असतील तर त्यांना हे लवकर उमजेल, कारण कन्नडमध्ये ‘ओडु’ म्हणजे धावणं आणि त्यावरूनच झालेल्या ‘ओडिसु’ने गाडी चालवणं सांगतात. म्हणजे पळण्याचंच क्रियापद गाडीला लावायची सवय त्यांच्या जिभेला आधीपासून आहे. दुकान चालवायला मात्र त्यांचं ‘नडेसु’ वेगळं.

उलट दिशेने मात्र ही किल्ली लावू नका. ‘उद्या पाठवलं तर चालेल’ याचं ‘टुमॉरो विल रन’ होत नाही. तिथे ‘टुमॉरो इज फाइन’.

ओलं, पातळ काही असेल तर ‘रन’ म्हणजे वाहणं, ओघळणं. मलप्रभा कणकुंबीहून निघून पूर्वेकडे वाहते, तिथेही ‘रन्स’. सर्दीत नाक वाहतं, तेही. शहापूर-वडगावच्या विणकराला ‘विल द कलर रन?’ असं बाहेरगावचं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा त्याला धुतल्यावर रंग जाईल का, एका काठाचा रंग दुसऱ्यावर उतरेल का, हे हवं असतं. तुमच्याकडे याचा चुलतभाऊ पेंटिंगनंतर भेटेल. ‘पेंट रन्स अँड सॅग्स’ हा तपासणीतला नेहमीचा शेरा आहे, उभ्या बाजूवर रंगाचे ओघळ आल्याचा. एका हातात जाड थर मारला, थिनर जास्त पडलं किंवा गन फार जवळ धरली की ओघळ येतात. दोन पातळ हात, मध्ये सुकायला वेळ.

रेघ, खाच, भेग, रस्ता असं काही लांबत जाणारं असेल तर मराठीत ‘जाणे’ वापरा. ‘द क्रॅक रन्स फ्रॉम द होल टू द एज’ : भेग भोकापासून कडेपर्यंत गेलीय. हे वाक्य क्वालिटीवाल्याला यायलाच हवं, दोन्ही दिशांनी.

आता ‘रन’च्या शेपटीला लागणारे छोटे शब्द. खरी मेख त्यांत असते. ‘रन इट बाय युवर सुपरवायझर’ यात कुणी काही चालवत नाही. सुपरवायझरना एकदा दाखवून त्यांचं मत घ्या, मग पुढे जा, एवढंच. ‘रन इट पास्ट’ म्हटलं तरी तेच. ‘रन थ्रू द चेकलिस्ट’ म्हणजे यादीवरून एकदा भरभर नजर फिरवणं. ‘वी रॅन इनटू अ प्रॉब्लेम’ म्हणजे काम चालू असताना अडचण उभी राहिली, पण माणसाबरोबर ‘रन-इन’ झाला म्हणजे खटका उडाला. आणि नव्या गिअरबॉक्सचं ‘रनिंग-इन’ म्हणजे भार न देता किंवा हलक्या भारावर चालवून पृष्ठभाग एकमेकांवर बसवणं. ‘रनिंग लेट’ उशीर होतोय, ‘रनिंग शॉर्ट’ कमी पडतंय, ‘बॅटरी रॅन डाउन’ उतरली, ‘मीटिंग रॅन ओव्हर’ वेळेच्या पुढे लांबली, ‘बिल रॅन अप’ साचत गेलं.

‘रनिंग आउट ऑफ स्टॉक’मधला काळ नीट बघा. ‘वी आर रनिंग आउट’ म्हणजे संपत आलंय, अजून थोडं शिल्लक आहे. आज निघालेली गाडी कामाची. ‘वी हॅव रन आउट’ म्हणजे संपलं, त्यांची लाइन थांबली किंवा थांबायच्या बेतात आहे, अशा वेळी मेल लिहीत बसू नका, फोन करा. उत्तर देताना ‘विल डिस्पॅच सून’ असं मोघम लिहू नका. किती नग, कुठल्या तारखेला, कुठल्या ट्रान्सपोर्टने, एवढं लिहा. तुमच्या बाबतीत २०० पैकी तपासून पास झालेले जेवढे असतील तेवढाच आकडा द्या, उरलेल्यांची तारीख वेगळी.

‘रन-अ‍ॅट-रेट’ हा मोटारउद्योगातला ठरलेला शब्द आहे, त्याचं भाषांतर करू नका. तुम्ही कोटेशनमध्ये जो वेग कबूल केलात तो नेहमीच्या मशीनवर, नेहमीच्या माणसांकडून, नेहमीच्या फिक्स्चरवर प्रत्यक्ष काढून दाखवा, असं ते म्हणतायत. हिशेब आधी कागदावर करा. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १० वजा केली की ४३० उरतात, म्हणजे २५,८०० सेकंद. एका नगाला लोडिंग-अनलोडिंगसकट ९० सेकंद लागत असतील तर कागदावर २८६ नग बसतात. पण टूल बदलणं, चिप साफ करणं, मध्ये मोजमाप हे सगळं धरून ८५ टक्के पकडा : २४३. कोटेशनमध्ये साहेबांनी २८० लिहिलं असेल तर आजच त्यांच्याशी बोला, ग्राहकासमोर लाइन उभी राहिल्यावर नको. चाचणीच्या वेळी नापास नग मोजणीत धरत नाहीत, आणि मशीन थांबलं की वेळ आणि कारण तिथल्या तिथे लिहायचं. याच्या जोडीला पीपीएपीची, म्हणजे नव्या नगाच्या मंजुरीची, फाइल मागितली असेल तर त्यातला ‘प्रॉडक्शन रन’ एक ते आठ तासांचा आणि ग्राहकाने वेगळं ठरवलं नसेल तर कमीत कमी ३०० सलग नगांचा असतो. वरच्या वेगाने ते एका पाळीत बसत नाहीत. तेव्हा ३०० च लागतील की कमी चालतील, हे ग्राहकाला आधीच विचारून लेखी घ्या.

त्या शब्दातला ‘रन’ म्हणजे एका सेटिंगवर सलग काढलेली खेप. ‘पार्ट्स फ्रॉम द प्रीव्हियस रन’ म्हणजे मागच्या खेपेचे नग, त्यांचा लॉट नंबर शोधा. ‘ट्रायल रन’, ‘पायलट रन’ त्याच घरातले.

‘ड्राय रन’ वेगळा सांगावा लागतो, कारण त्यात टूल मोडतात. ऑफिसात तो म्हणजे रंगीत तालीम, ऑडिटच्या आदल्या दिवशी करतात ती. सीएनसीवर ड्राय रन म्हणजे कूलंट बंद ठेवून चालवणं असं बरेच जण समजतात. तसं नाही. फॅनक कंट्रोलवर ते बटण दाबलं की प्रोग्राममधला फीड, म्हणजे टूल सरकण्याचा वेग, बाजूला राहतो आणि मशीन जॉगच्या (नुसतं हलवायच्या) फीडने हलतं. जॉब लावलेला असताना, झेड (टूलचा अक्ष) वर न उचलता ते दाबलंत, तर टूल कटिंगच्या नव्हे तर हलवायच्या वेगाने धातूत घुसेल. म्हणून जॉब काढून किंवा झेडला पुरेसं अंतर देऊनच, आणि एक हात फीड होल्डवर.

वही कशी करायची ते सांगतो. ‘रन = चालणे’ अशी ओळ लिहू नका, ती पुन्हा फसवेल. मेलमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, खाली तुमच्या बोलण्यातली मराठी आणि त्यापुढे त्या मेलवर काय केलं ते : ‘डायल लावला’, ‘फाउंड्रीला फोटो पाठवला’, ‘साहेबांना दाखवलं’. आउट, बाय, इनटू, ओव्हर यांना एकेक पान. कोश बघायचाच तर शिकणाऱ्यांसाठी काढलेला बघा. त्यात ‘रन आउट’, ‘रन इनटू’ अशा जोड्या नोंदीच्या शेवटी वेगळ्या दिलेल्या असतात, थेट तिथे जायचं. अडलं तर ग्राहकालाच विचारा : ‘डू यू मीन रन-आउट अ‍ॅज पर ड्रॉइंग?’ असा प्रश्न आल्यावर पलीकडच्याला उलट बरं वाटतं, समोरचा ड्रॉइंग बघतोय म्हणून.

राहिला क्लास. बोलायची भीड मोडायला लावायचा असेल तर लावा, पण तिथे रन-आउट शिकवणार नाहीत. फी भरायच्या आधी मागच्या दोन महिन्यांचे मेल छापून घ्या, ग्राहकाचं नाव, भाव आणि ड्रॉइंग नंबर काळ्या पेनने खोडा आणि क्लासवाल्यांना विचारा, यावर शिकवाल का? हो म्हणाले आणि पहिल्या तासाला खरंच ते कागद समोर घेतले तर पैसे भरा. त्यांनी विमानतळावरचे संवाद काढले, तर ते पैसे ०.००१ च्या डायलला उपयोगी पडतील.